आगगाडीच्या छोट्या सिग्नलला वीज कुठली द्यावी?

प्रतिनिधी, नाशिक

मुंबईहून निघालेली गाडी कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला टेकली की फलाटावर वडे आणि चहा घेणाऱ्यांची धांदल उडत असे आणि त्याच वेळी गाडीच्या तोंडाशी वेगळेच काम चाललेले असे. १ : ३७ चा चढ चढताना मागून रेटा देणारी इंजिने इथे सुटत आणि विजेचीही अदलाबदल इथेच होई. मुंबईच्या बाजूने १९३० च्या सुमारास इगतपुरीपर्यंत आलेली वीज १५०० व्होल्ट एकदिश (डीसी) होती. पुढे मनमाड-भुसावळकडे तारेत आली ती २५ हजार व्होल्ट प्रत्यावर्ती (एसी). एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत या दोन विजांची सीमा इगतपुरीतच होती. मध्य रेल्वेवरील डीसीचा शेवटचा टप्पा २०१६ मध्ये संपला.

या सगळ्या घडामोडीत सिग्नलच्या दिव्यांनी मात्र इंजिनाची वीज कधीही जशीच्या तशी घेतली नाही. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर सिग्नलसाठी वरच्या तारेतून वीज घेतली जाते हे खरे. पण ती स्वतंत्र ट्रान्सफॉर्मरने उतरवून, स्थानिक पुरवठ्याची जोड देऊन आणि बॅटऱ्यांच्या पाठबळावर. सिग्नल यंत्रणेचा वीजपुरवठा हे रेल्वेत एक वेगळे खातेच समजले जाते. घरातल्या लाकडी फळीवर छोटी आगगाडी धावविणारे हौशी लोक नेमकी हीच गोष्ट विसरतात आणि मग कुणाचे सिग्नल मिणमिणतात, कुणाचे जळतात, तर कधी फळीखालच्या तारांमधून धूर येतो.

नाशिक हे रेल्वेचे गाव आहे. नाशिकरोड, देवळाली, इगतपुरी, मनमाड ही नावे रेल्वे कर्मचाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांशी बांधलेली. रेल्वेच्या विद्युत अभियंत्यांना शिक्षण देणारी भारतीय रेल्वेची संस्थाही नाशिकरोडलाच आहे. अशा घरांतून छोट्या आगगाडीचा नाद नवा नाही. महाराष्ट्रात या छंदाचे सर्वांत मोठे दृश्य रूप पाहायचे तर पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेल्या लघुरेल्वे संग्रहालयाकडे बोट दाखवावे लागते. १९९८ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. तिथल्या मांडणीत साठाहून अधिक सिग्नल आहेत. एवढे सिग्नल, रस्त्यावरचे दिवे आणि गाड्या एकाच वेळी चालतात, याचे श्रेय गाड्यांच्या नाजूक नकलेइतकेच पडद्यामागच्या वीजव्यवस्थेला द्यावे लागेल. घरातल्या मांडणीत आठ-दहा सिग्नल असतात. तत्त्व मात्र तेच.

रुळातली वीज का नको

छोट्या आगगाडीचा तयार संच घेतला की सोबत एक नियंत्रक पेटी येते. सर्वाधिक प्रचलित ‘एचओ’ मापाच्या (मूळ गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या, १६.५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांच्या) साध्या संचात ही पेटी रुळांना शून्य ते बारा व्होल्ट एकदिश वीज देते. खटका फिरवला की व्होल्ट वाढतात, गाडी वेग घेते. खटका उलटा फिरवला की धन-ऋण टोके अदलाबदल होऊन गाडी मागे येते.

आता याच रुळांना सिग्नलच्या तारा जोडल्या तर काय होईल, ते उघड आहे. गाडी पूर्ण वेगात असताना सिग्नल झगझगीत आणि गाडी थांबली की सिग्नल गुल. म्हणजे तांबड्या दिव्याची गरज ज्या क्षणी सर्वांत जास्त, त्याच क्षणी तो विझलेला. गाडी मागे घेतली की टोके उलटतात आणि एलईडीचे दिवे मुळीच लागत नाहीत, कारण एलईडी एकाच दिशेने वीज वाहू देतो. पहिल्यांदा सिग्नल बसविणारा जवळजवळ प्रत्येक जण हा प्रयोग करून पाहतो आणि ‘सिग्नलच खराब निघाले’ म्हणून दुकानदाराशी वाद घालतो.

डीसीसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंकीय पद्धतीत रुळांमध्ये सतत चौदा ते सोळा व्होल्टच्या आसपास उलटसुलट बदलणारी वीज असते आणि तिच्यातूनच इंजिनाला आज्ञा जातात. तिथे रुळांवरून सिग्नल चालविणे शक्य असते, उपकरण बनविणारे तशी सोयही देतात. तरीही ते टाळलेले बरे. एक तर गाड्यांसाठी असलेली मोजकी वीज दिव्यांत खर्च होते. दुसरे असे की, एखादा डबा सांध्यावर घसरून रूळ शॉर्ट झाले की संरक्षक यंत्रणा रुळांची वीज तोडते आणि फळीवरचे सगळे सिग्नल एकदम अंधारात जातात. खऱ्या रेल्वेत विझलेला सिग्नल हा त्याच्या सर्वांत कडक संकेताप्रमाणे, म्हणजे बहुधा ‘थांबा’ असाच, मानण्याचा चालकाला नियम आहे. घरच्या फळीवर असा नियम पाळणारा चालक नसतो.

तेव्हा पहिला निर्णय सोपा आहे. सिग्नलसाठी वेगळा वीजपुरवठा घ्यावा, तो स्थिर व्होल्टचा असावा आणि गाडीच्या खटक्याशी त्याचा काहीही संबंध नसावा.

आधी हिशेब, मग खरेदी

दुकानात जाऊन ‘सिग्नलसाठी अॅडॅप्टर द्या’ म्हणण्यापूर्वी कागदावर दहा मिनिटांचा हिशेब करणे फायद्याचे ठरते. उदाहरणादाखल एकेरी मार्गावरचे एक छोटे स्थानक घेऊ. एक मुख्य मार्ग, एक लूप. भारतीय पद्धतीच्या रंगीत दिव्यांच्या सिग्नलप्रमाणे दोन्ही बाजूंनी एकेक डिस्टंट, एकेक होम आणि दोन मार्गांचे दोन्ही दिशांचे मिळून चार स्टार्टर, असे आठ सिग्नल होतात. होम सिग्नलच्या डोक्यावर लूपकडे वळताना पेटणारी पाच पांढऱ्या दिव्यांची तिरपी ओळही धरू.

प्रत्येक सिग्नलवर दिवे तीन-चार असले तरी एका वेळी पेटतो एकच. म्हणून आठ सिग्नलचे आठ दिवे. डिस्टंट सिग्नल ‘दुहेरी पिवळा’ दाखवील तेव्हा आणखी एकेक, म्हणजे दोन. दोन्ही होम सिग्नलच्या पांढऱ्या ओळी एकदम पेटल्या असे वाईटात वाईट गृहीत धरले तर दहा. एकूण वीस दिवे. एका एलईडीला १० मिलिअॅम्पिअर धरले तर २०० मिलिअॅम्पिअर झाले. सिग्नल बदलण्यासाठी छोटे १२ व्होल्टचे रिले वापरले तर बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या रिलेची गुंडाळी सुमारे ४०० ओहमची असते. म्हणजे ती प्रत्येकी ३० मिलिअॅम्पिअर घेते. आठ रिलेंचे २४०. बेरीज ४४०. त्यावर निम्म्याने वाढ धरून ६६०. या स्थानकाला १२ व्होल्ट, १ अॅम्पिअरचा पुरवठा पुरून उरेल.

या हिशेबात एक गंमत दडलेली आहे. दिव्यांपेक्षा रिलेच जास्त वीज खातात. आणि आजचे एलईडी इतके प्रखर झाले आहेत, की दहा मिलिअॅम्पिअरची खरे तर गरजच नसते, दोन-तीन पुरतात. दहावर पेटविलेला सिग्नल घरातल्या खोलीत डोळ्यांत खुपतो आणि स्थानकाऐवजी दिवाळीतल्या दुकानाची रोषणाई वाटते. खऱ्या सिग्नलचा दिवा भर उन्हात लांबून दिसायला हवा असतो, फळीवरचा दोन हातांवरून.

दुसरी समजूत अशी, की जास्त अॅम्पिअरचा अॅडॅप्टर लावला तर सिग्नल जळतील. तसे नाही. व्होल्ट जुळलेले असतील तर सिग्नल आपल्याला हवी तेवढीच वीज ओढतो. अॅडॅप्टरवरचा अॅम्पिअरचा आकडा ही त्याची कमाल क्षमता असते. जास्त क्षमतेच्या पुरवठ्याचा धोका वेगळ्या ठिकाणी आहे, त्याकडे पुढे येऊ.

एलईडी आणि त्याचा रोधक

एलईडीला थेट बारा व्होल्ट दिले तर तो क्षणभर चमकून कायमचा विझतो. त्याच्याबरोबर रोधक, म्हणजे रेझिस्टर, हवाच. तांबड्या आणि पिवळ्या एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, पांढऱ्या व नव्या पद्धतीच्या गडद हिरव्यावर ३ च्या आसपास. १२ मधून २ वजा केले, उरलेल्या १० व्होल्टला १० मिलिअॅम्पिअरने भागले की उत्तर १००० ओहम. म्हणजे बाजारातला ‘एक के’. तीन मिलिअॅम्पिअर पुरे असतील तर ३.३ के. पाव वॉटचा साधा रोधक दोन्ही वेळा चालतो. हिरवा दिवा तांबड्यापेक्षा फार उजळ किंवा फार मंद वाटला, तर त्याच्या एकट्याच्या रोधकात बदल करावा. सगळ्या दिव्यांना एकच सामायिक रोधक लावण्याचा मोह टाळावा.

तयार सिग्नलमध्ये रोधक आधीच बसविलेला आहे की नाही, हे वेष्टणावर पाहावे. कुठेच लिहिलेले नसेल तर नाही असे समजून चालावे. त्याच वेळी सिग्नलची सामायिक तार धन आहे की ऋण, हेही तपासावे. दोन्ही प्रकार बाजारात आहेत आणि एकाच फळीवर दोन्ही मिसळले की जोडणीचा विचका होतो.

जुन्या सिग्नलमध्ये एलईडीऐवजी गव्हाच्या दाण्याएवढे तापदीप बल्ब असतात. त्यांना टोकांची तमा नसते. एसी, डीसी दोन्ही चालते. मात्र ते एलईडीच्या कित्येक पट वीज घेतात आणि पेटण्याच्या क्षणी, तार थंड असल्याने, त्याहूनही जास्त. बारा व्होल्टचा बल्ब नऊ-दहा व्होल्टवर चालविला तर उजेड थोडा पिवळट पडतो, पण आयुष्य खूप वाढते. इवल्याशा सिग्नलच्या खांबातून जळका बल्ब काढणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा केले आहे तो ही तडजोड आनंदाने स्वीकारतो. खऱ्या रेल्वेतही हे स्थित्यंतर झाले. खांबाच्या पायथ्याशी ११० व्होल्टचे १२ करणारा ट्रान्सफॉर्मर आणि वर १२ व्होल्टचा बल्ब, ही जुनी रचना मागे पडून ११० व्होल्टवर चालणारे एलईडी सिग्नल आले.

अनेक नियंत्रक पेट्यांवर सांधे बदलण्यासाठी १६ व्होल्ट एसीची एक जोडी असते. तिथून एलईडी चालविण्याचा मार्ग फसवा आहे. दिवा लागतो, म्हणून सारे ठीक वाटते. पण एसी १६ म्हणजे शिखरावर २२.६ व्होल्ट आणि विजेच्या उलट्या फेऱ्यात ते सगळे एलईडीवर उलट दिशेने येतात. नेहमीचा एलईडी उलट दिशेने ५ व्होल्टच सोसतो. काही दिवस टिकतो, मग एकेक दिवा जातो. अशी जोडणी करायचीच असेल तर एलईडीला समांतर, उलट दिशेने एक छोटा डायोड लावावा. तरीही सेकंदाला पन्नास वेळा होणारी लुकलुक राहतेच. डोळ्याला ती जाणवो न जाणवो, चित्रफितीत हमखास दिसते.

बाजारात काय घ्यावे

महात्मा गांधी रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत फेरी मारली तर या कामाला लागणारे बहुतेक सामान मिळून जाते. निवड चार प्रकारांतून करायची असते.

बहुतेकांनी घ्यावा असा प्रकार म्हणजे सीसीटीव्ही कॅमेरा किंवा राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्ट, १ किंवा २ अॅम्पिअरचा बंदिस्त अॅडॅप्टर. जुने लोक अजूनही त्याला ‘एलिमिनेटर’ म्हणतात. वजनाला हलका, व्होल्ट स्थिर, आत शॉर्टपासून संरक्षण आणि २३० व्होल्टचा भाग पूर्ण झाकलेला. दर्जा पाहूनच घ्यावा. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी २०१२ च्या आदेशाने सक्तीची नोंदणी सुरू झाली आणि पुढे माहिती तंत्रज्ञान उपकरणांचे अॅडॅप्टरही तिच्या कक्षेत आले. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक अॅडॅप्टरवर छापलेला असतो. पदपथावर मिळणाऱ्या निनावी अॅडॅप्टरवर ‘२ अॅम्पिअर’ लिहिलेले असते, ते वजनाने रिकाम्या काडेपेटीसारखे लागतात. चाळीस-पन्नास रुपये वाचविण्यासाठी २३० व्होल्ट आणि मुलांची बोटे यांच्यामध्ये असली वस्तू ठेवण्यात शहाणपण नाही.

दुसरा प्रकार, स्वतः बांधायचा. ‘१२-०-१२’ ट्रान्सफॉर्मर, दोन डायोड, एक कपॅसिटर आणि ७८१२ हा नियामक. तंत्रनिकेतनाच्या पहिल्या वर्षात जवळजवळ सर्वांनी केलेला हा प्रयोग आजही उत्तम काम देतो. फक्त त्यातले बारकावे लक्षात घ्यायला हवेत. ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेपासून एका टोकापर्यंत १२ व्होल्ट असतात, दोन बाहेरच्या टोकांमध्ये २४. बाहेरची टोके चुकून डायोडच्या पुलाला जोडली तर कपॅसिटरवर ३२-३३ व्होल्ट चढतात आणि २५ व्होल्टचा कपॅसिटर फटाक्यासारखा वाजतो. योग्य जोडणीत १२ व्होल्ट एसीचे शिखर १७ होते, डायोडमध्ये ०.७ जातात, हाती १६.३ उरतात. २२०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर ४०० मिलिअॅम्पिअरचा भार असेल तर लहर सुमारे १.८ व्होल्टची, म्हणजे तळ १४.५. नियामकाला नीट चालायला १४ लागतात. जमले, पण जेमतेम. संध्याकाळी घरातला दाब दहा टक्क्यांनी उतरला की तळ १३ च्याही खाली जातो आणि नियामकातून लहर पुढे झिरपू लागते. रिले गुणगुणतात, सूक्ष्म नियंत्रक मधूनच नव्याने सुरू होतात. कपॅसिटर दुप्पट करावा किंवा १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. दुसरा मार्ग घेतला तर कपॅसिटर ३५ व्होल्टचा आणि नियामकाला मोठी उष्णताशोषक पट्टी, हे ओघाने आले.

तिसरा प्रकार म्हणजे जाळीदार पत्र्याच्या खोक्यातला १२ व्होल्ट, ५ किंवा १० अॅम्पिअरचा एसएमपीएस. दुकानांच्या पाट्यांसाठी तो वापरतात. स्वस्त आणि दणकट. पण त्याची २३० व्होल्टची स्क्रूची टोके पातळ प्लॅस्टिकच्या झाकणाखाली, डीसीच्या टोकांच्या शेजारीच असतात. फळीखाली हात घालून तारा चाचपण्याची सवय असलेल्या छंदात हे टोक उघडे राहता कामा नये. वापरायचाच तर तो पूर्ण बंद खोक्यात, अर्थिंगच्या तारेसह आणि तीन पिनांच्या प्लगनेच वापरावा.

चौथा, भंगारातल्या संगणकाचा एसएमपीएस. हिरवी तार काळीला जोडली की तो सुरू होतो. १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार मिळतात, तेही जवळजवळ फुकट. म्हणूनच तो लोकप्रिय आहे आणि म्हणूनच त्याच्याबद्दल दोन शब्द अधिक लिहिणे भाग आहे.

जास्त अॅम्पिअरचा खरा धोका

सिग्नलच्या खांबातून खाली येणाऱ्या तारा केसासारख्या बारीक असतात. ०.१ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार दोन-अडीच अॅम्पिअरला लाल होऊन वितळते. फळीखालची नेहमीची टेलिफोनची तार अर्ध्या मिलिमीटरची. तिला दहा-पंधरा अॅम्पिअर म्हणजे इन्सुलेशन जळण्याची हमी. संगणकाचा एसएमपीएस बाराच्या तारेतून तेवढे अॅम्पिअर सहज देतो, तेही शॉर्ट झाल्याचे त्याच्या लक्षात न येता. त्याच्या दृष्टीने तो साधा भारच असतो. एक अॅम्पिअरचा अॅडॅप्टर अशा वेळी मान टाकतो आणि वीज तोडतो. दहा अॅम्पिअरचा पुरवठा तार जाळून मोकळा होतो. फळी प्लायवुडची, वरचे गवत-झाडे भुसा, स्पंज आणि कागदाच्या लगद्याची, आणि हे सगळे बहुधा माळ्यावरच्या किंवा मुलांच्या खोलीत.

त्यामुळे पुरवठा कोणताही असो, प्रत्येक शाखेला फ्यूज हवा. सिग्नलच्या शाखेला अर्धा ते एक अॅम्पिअरचा काचेचा फ्यूज किंवा थंड झाल्यावर आपोआप पूर्ववत होणारा पॉलिफ्यूज पुरतो. खर्च चहाच्या कपाइतका. दुसरी युक्ती त्याहून साधी आहे. एलईडीचा रोधक सिग्नलच्या पायथ्याशी न लावता पुरवठ्याकडच्या टोकाला, पट्टीवरच लावावा. मग पुढे त्या तारेचे काहीही झाले, ती सोलली, चिरडली, रुळाला टेकली, तरी ‘एक के’मधून १२ मिलिअॅम्पिअरपेक्षा जास्त वाहूच शकत नाही. रोधकातून न जाणाऱ्या सामायिक तारेसाठी मात्र फ्यूजच उपयोगी.

घरातल्या विजेला ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी असेल तर उत्तमच. तो २३० व्होल्टच्या बाजूने माणसाला वाचवितो. अॅडॅप्टरच्या पुढच्या बारा व्होल्टच्या शॉर्टचा त्याला पत्ताही लागत नाही, हे विसरू नये.

अमेरिकेतून आलेली पेटी

नाशिकच्या अनेक घरांत छोटी आगगाडी आली ती परदेशी गेलेल्या मुला-भाच्यांच्या बॅगेतून. अमेरिकेतून आणलेल्या संचाची पेटी १२० व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी असते. पिनेचे रूप बदलणारा सॉकेट लावून ती आपल्या २३० व्होल्टमध्ये खुपसली की काही क्षणांत जळते. पेटीवर ‘१००-२४०’ असे लिहिले असेल तर प्रश्न नाही. जुन्या, जड पेट्यांवर ते नसते. त्यांच्यासाठी व्होल्ट उतरविणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. प्रवासात इस्त्री किंवा केस वाळविण्याच्या यंत्रासाठी मिळणारे हलके परिवर्तक इथे चालत नाहीत. ते विजेची लाट कापून देतात आणि ट्रान्सफॉर्मर त्यावर तापतो. ६० हर्ट्झची पेटी ५० हर्ट्झवर मुळातच थोडी अधिक गरम राहते. इंग्लंडमधून आलेल्या संचाला व्होल्टची अडचण नाही, फक्त पिना वेगळ्या. परदेशी सुटी पेटी मागविणे परवडण्याजोगे राहिलेले नाही. २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क २० वरून ६० टक्के झाल्याचा चटका या छंदालाही बसला. सिग्नलपुरते तरी इथला अॅडॅप्टर घेणे केव्हाही बरे.

वीज गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर गाडी चालविणाऱ्यांनी एक पाहावे. चौकोनी लाटेच्या जुन्या इन्व्हर्टरवर लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर घुमतो आणि तापतो. एसएमपीएस पद्धतीच्या अॅडॅप्टरला त्याचे फारसे वाटत नाही.

हात पडणारे सिग्नल

खांबावरचा हात वर-खाली होणारे सेमाफोर सिग्नल खऱ्या मार्गांवरून जवळजवळ नाहीसे झाले. फळीवर त्यांचे प्रेम कमी झालेले नाही. त्यांना हलविणारी सोलेनॉइडची गुंडाळी क्षणभरासाठी एक-दोन अॅम्पिअर किंवा त्याहून अधिक ओढते आणि बटण दाबून धरले तर जळते. या कामासाठी सिग्नलच्या दिव्यांचा पुरवठा वापरू नये. हात हलला की सगळे दिवे डोळा मारतात. १६ व्होल्ट एसीवरून मोठा कपॅसिटर भरून ठेवायचा आणि बटण दाबताच तो गुंडाळीत रिकामा करायचा, ही पद्धत सर्वांत निर्धोक. बटण कितीही वेळ दाबले तरी गुंडाळीत जाते ती एका भरण्याइतकीच वीज. हल्ली बरेच जण ५ व्होल्टच्या सर्व्हो मोटरने हात हलवितात. चाल सुंदर दिसते. पण मोटर अडली तर ती अर्ध्या अॅम्पिअरच्याही वर ओढते. म्हणून सर्व्होंना त्यांचा स्वतंत्र ५ व्होल्टचा पुरवठा द्यावा. आर्डुइनोसारख्या पाटीच्या पिनेतून वीस मिलिअॅम्पिअरच घ्यावेत. एलईडी त्यावर चालतो, रिले किंवा मोटर नाही.

जोडणी आणि पहिली चाचणी

लांब फळीवर तारेत व्होल्ट गळतात अशी भीती पुष्कळांना असते. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेने पाच मीटर जाऊन परत आले तर सुमारे ०.८६ ओहम होतात. आपल्या ४४० मिलिअॅम्पिअरला गळती पावणेचार दशांश व्होल्ट, एलईडीला ती कळणारही नाही. दोन अॅम्पिअर ओढणाऱ्या सोलेनॉइडला मात्र पावणेदोन व्होल्ट कमी मिळतील. तिथे जाड तार हवी. गाडीची ऋण तार आणि सिग्नलची ऋण तार एकत्र जोडण्याची सवय लावू नये. रुळावर गाडी असल्याचे ओळखणाऱ्या एखाद्या मंडलाला तशी गरज असेल, तर त्याच्या आकृतीत ती दाखविलेली असते. खऱ्या रेल्वेतही हे वेगळेपण कटाक्षाने पाळले जाते. डीसी विजेच्या मार्गावर गाडी ओळखणारी रूळमंडले एसीवर आणि एसी मार्गावर ती डीसीवर चालवायची, म्हणजे इंजिनाच्या विजेने सिग्नल फसू नये, हा जुना शिरस्ता. मुंबई परिसरातील डीसी बदलून एसी करताना केवळ वरची तार बदलून भागले नाही, त्याचे हेही एक कारण.

पुरवठा आणल्यावर तो आधी मोकळाच लावून मीटरने व्होल्ट आणि टोके तपासावीत. अॅडॅप्टरच्या पिनेत आतला भाग बहुतेक वेळा धन असतो, पण नेहमीच नाही. मग एकच सिग्नल, रोधकासह. तो तिन्ही रंगांत ठीक पेटला की बाकीचे एकेक करून जोडावेत, सगळे एकदम नव्हे. सर्व दिवे लागल्यावर अर्धा तास तसेच ठेवून अॅडॅप्टरला हात लावून पाहावा. कोमट असेल तर हरकत नाही. हात ठेववत नसेल तर हिशेबात कुठेतरी चूक आहे. फळीच्या कडेला, मोठ्यांचा हात पोचेल आणि सर्वांत धाकट्या मुलाचा पोचणार नाही अशा उंचीवर, सगळ्या पुरवठ्यांचे मिळून एकच मुख्य बटण असावे. प्रत्येक अॅडॅप्टरवर कागदाची पट्टी चिकटवून ‘सिग्नल १२’, ‘सर्व्हो ५’ असे ठळक लिहून ठेवावे, कारण दोघांच्या पिना सारख्याच असतात आणि फळीखाली उजेड नसतो.